ऐश म्हणजे भात

मराठीत 'ऐश' म्हटले की मऊ गादी, उंची अत्तर, खिशात पैसा आणि अंगाला काम नाही असे चित्र डोळ्यांपुढे येते. संयुक्त अरब अमिरातीच्या पश्चिम टोकाला रुवैस नावाचे तेलशुद्धीकरणाचे गाव आहे. तिथला स्थानिक अरब दुकानात जाऊन 'ऐश' मागतो तेव्हा त्याला तांदूळ हवे असतात. त्याच्या घरी दुपारी 'ऐश' शिजते, म्हणजे भात शिजतो. शब्द तोच, मूळ तेच. पण एका किनाऱ्यावर तो चैनीचा झाला आणि दुसऱ्या किनाऱ्यावर रोजच्या पोटाचा.

या स्मरणिकेत जहाजांचा, मळ्यांचा, मंडळांचा आणि देवळांचा इतिहास असणारच. मी फक्त एका शब्दाचा इतिहास मांडतो आहे. पोटासाठी समुद्र ओलांडलेल्या माणसांच्या वंशजांना हा शब्द परका वाटणार नाही, कारण आपल्या पूर्वजांच्या प्रवासातही हेच दोन अर्थ समोरासमोर उभे होते. मागे राहिलेल्यांना जी ऐश वाटत होती, ती गेलेल्याच्या ताटात नुसता भात होती.

एक धातू, चार वाटा

अरबीत 'आश' म्हणजे तो जगला, आणि 'ऐश' म्हणजे जगणे. 'मईशा' म्हणजे उपजीविका. 'आयेशा' हे नावही याच कुळातले. त्याचा अर्थ जगणारी, जिवंत. लिहिताना 'ऐश' असा असलेला हा शब्द बोलीत 'एऽश' असा लांबवून उच्चारला जातो.

जगण्याचा हा शब्द इजिप्तमध्ये भाकरीला चिकटला. नाईलच्या काठी गहू पिकतो आणि गव्हाची जाड रोटी हेच तिथल्या गरिबाचे जेवण. म्हणून कैरोत 'ऐश' म्हणजे रोटी. बाकीच्या बहुतेक अरबी मुलखांत रोटीला 'खुब्झ' म्हणतात. आखातात काम करणाऱ्या प्रत्येक भारतीयाच्या तोंडी असलेला 'खुबूस' तो हाच. इजिप्तमध्ये मात्र रोटी आणि जगणे यांना एकच नाव. १९७७च्या जानेवारीत सरकारने रोटीसारख्या जिनसांवरचे अनुदान कमी करायचे ठरवले, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला. २०११च्या उठावातही लोकांच्या घोषणेत पहिला शब्द 'ऐश' होता. स्वातंत्र्य आणि सामाजिक न्याय त्याच्या मागून आले.

कुवेत, बहरीन, कतार आणि अमिरात या पट्ट्यात तोच शब्द भातावर बसला. इथे शिजलेला भातही 'ऐश' आणि पोत्यातले तांदूळही 'ऐश'. मराठी माणसाला याचे नवल वाटते, कारण आपण भात, तांदूळ, साळ आणि धान असे वेगवेगळे शब्द वापरतो. ज्या घराने भात स्वतः लावला, काढला, झोडला आणि सडला, त्याला प्रत्येक पायरीसाठी शब्द लागतो. ज्या किनाऱ्यावर भाताचे रोपच कोणी पाहिले नव्हते, तिथे एका शब्दात काम भागले.

तिसरी वाट इराणमार्गे हिंदुस्थानात आली. फारसीत आणि तिथून उर्दूत 'ऐश' म्हणजे मजेत जगणे, सुखोपभोग. दरबारी भाषेतून आलेल्या शब्दाला दरबारी अर्थ चिकटायचाच. मराठीने तो तसाच उचलला. ऐश करणे, ऐशआराम, ऐषाराम ही सगळी त्याची रूपे. चैनीत वाहवत गेलेल्याला आपण 'अय्याश' म्हणतो, तोही याच घरचा.

चौथी वाट आपल्याच भाषेत आहे. शब्द वेगळा, विचार तोच. 'जीव'पासून 'जीविका' आणि 'उपजीविका' होते. फ्रेंचमध्येही पोट भरण्याला 'जीवन कमावणे' अशाच अर्थाचा वाक्प्रचार आहे. मराठीत यापेक्षा घरगुती काम 'भाकरी' करते. 'भाकरीसाठी मुंबईला गेला' या वाक्यात कोणी पीठ मळत नसते. मुलगा नोकरीला लागला की आई म्हणते, 'अन्नाला लागला.' पाहुण्याला 'आमची मीठभाकर गोड मानून घ्या' म्हणताना ताटात पुरणपोळी असली तरी चालते. जगणे आणि खाणे एकाच शब्दात बांधण्याची खोड अरबांची एकट्याची नाही. ज्यांना दोन्हींची शाश्वती नसते, त्या सगळ्यांचीच ती खोड आहे.

न पिकणाऱ्या किनाऱ्यावर

रुवैस अबू धाबी शहरापासून सुमारे २४० किलोमीटर पश्चिमेला, अल धफ्रा प्रदेशात आहे. नावाचा अर्थ छोटे टोक, समुद्रात घुसलेला जमिनीचा लहानसा भाग. आज तिथे १९८०च्या दशकाच्या आरंभी सुरू झालेला तेलशुद्धीकरण कारखाना आहे आणि त्याभोवती वसलेली वसाहत आहे. शेजारच्या जबल धन्नाहून १९६३मध्ये कच्च्या तेलाची जहाजे भरू लागली. त्याआधी या किनाऱ्यावर वाळू, खारी जमीन, मासे आणि मोती एवढेच होते.

समोरच्या समुद्रात दलमा बेट आहे. तिथल्या उत्खननात खजुराच्या जळलेल्या बिया सापडल्या. त्या सुमारे ७,००० वर्षांपूर्वीच्या आहेत, म्हणजे या भागातल्या माणसाच्या खाण्याचा हा फार जुना पुरावा. खजूर आणि मासा हे इथले मूळचे अन्न. दक्षिणेला वाळवंटात लिवाची मरूद्याने आहेत, तिथे खजूर पिकतो. उन्हाळ्यात पुरुष समुद्रावर मोती काढायला जात, तर काही माणसे लिवाकडे खजूर उतरवायला. तांदूळ यातल्या कुठल्याच जागी पिकत नाही.

तरीही त्याचे नाव 'जगणे' असे पडले, कारण तो मिळाला की वर्ष निघत असे. हा तांदूळ मुख्यतः हिंदुस्थानातून जहाजाने येई. मुंबई, कराची आणि कलकत्ता ही आखाताची कोठारे होती. मोती मुंबईला जात, आणि मुंबईहून तांदूळ, कापड, मसाला आणि लाकूड परत येत. कुवेत-बहरीनच्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या मुंबईत होत्या. चलनही आपलेच होते. भारतीय रुपया या किनाऱ्यावर चाले. १९५९पासून रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या आणि १९६६पर्यंत अबू धाबीतही रुपयाच चालला. अमिरातीतल्या घरात आजही 'अचार' हा शब्द ऐकू येतो तो त्याच जहाजांमधून उतरला.

मोती काढणाऱ्यांच्या होड्यांवर हा तांदूळ कसा खाल्ला जाई, हे नीट सांगायला हवे. उन्हाळ्यात सुमारे चार महिने होडी समुद्रात राही. गोताखोर दिवसभर बुड्या मारी. भरल्या पोटी बुडी मारता येत नाही, म्हणून दिवसा थोडा खजूर आणि कॉफी. सूर्य मावळल्यावर एकच खरे जेवण, भात आणि मासा. खजुराच्या पाकात शिजवलेला गोडसर भात, 'मुहम्मर', मोतीवाल्यांच्या त्या जेवणाची आठवण म्हणून आजही माशाबरोबर वाढतात.

हा भात फुकटचा नव्हता. हंगामाआधी गोताखोराला होडीच्या नाखुदाकडून उचल मिळे. त्या पैशावर आणि धान्यावर घरची माणसे चार महिने जगत. हंगाम संपल्यावर मोत्यांचा हिशेब होई आणि उचल त्यातून वळती केली जाई. मोती कमी निघाले की कर्ज उरे, आणि कर्ज उरले की पुढच्या वर्षी त्याच नाखुदाच्या होडीवर जावे लागे. बाप मेला तर कर्ज मुलाकडे किंवा भावाकडे जाण्याची रीतही होती. बहरीनमध्ये १९२०च्या दशकात या हिशेबांवर नियम घालावे लागले. आपल्या कोळीवाड्यातला 'नाखवा' आणि तिकडचा 'नाखुदा' हे एकाच फारसी शब्दाचे दोन भाऊ आहेत, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

जगण्याला दिलेले नाव भाताला मिळाले आणि तो भात कर्जाने मिळे. आपल्या पूर्वजांच्या गिरमिटाची कुळकथा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे ओळखीचे वाटेल.

त्याच बंदरातून दुसरी जहाजे

ज्या मुंबई बंदरातून आखाताकडे तांदूळ जाई, त्याच बंदरातून मॉरिशसकडे माणसे गेली. पहिली तुकडी कलकत्त्याची होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अॅटलस' जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले. मजुरांच्या हालांचा बभ्रा झाल्यावर मधली काही वर्षे ही वाहतूक बंद होती. १८४२मध्ये मॉरिशसपुरती ती सरकारी देखरेखीखाली पुन्हा सुरू झाली आणि कलकत्ता व मद्रासबरोबर मुंबईही अधिकृत बंदर झाले. रत्नागिरीपासून घाटमाथ्यापर्यंतची मराठी माणसे या वाटेने गेली. मॉरिशसमध्ये गिरमिटाखाली आलेल्या भारतीयांची एकूण संख्या सुमारे ४.५ लाख धरली जाते. त्यात मराठी लोक थोडे होते, तरी भाषा, गणपती आणि गाणी घेऊन टिकले. आज गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते.

करारात काय लिहिलेले असे? सुरुवातीच्या काळात पाच वर्षांची बांधिलकी आणि महिना ५ रुपये मजुरी. शिवाय खाणे: रोजचे सुमारे २ पौंड तांदूळ, अर्धा पौंड डाळ, थोडे मीठ, तेल. आजच्या मापात ९०० ग्रॅम तांदूळ आणि सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास डाळ.

आज हा आकडा आपल्याला रुक्ष वाटतो. तो एकोणिसाव्या शतकातल्या कोकणी कुळाच्या कानांनी ऐकला पाहिजे. कोकणात भात पिके, पण पिकवणारा तो रोज खाई असे नाही. खोती मुलखात कूळ आपल्या पिकाचा मोठा वाटा खोताला देई, आणि तो वाटा बहुधा भाताचाच असे. घरात उरे ती नाचणी, वरी, हरीक. सकाळी पेज, दुपारी नाचणीची भाकरी, सणाला किंवा पाहुणा आला तर भात. ही खोती पुढे शंभर वर्षे टिकली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि कायदा व्हायला १९४९ उजाडले.

अशा घरातल्या तरुणाला मुकादमाने सांगितले, 'तिकडे रोज भात मिळतो,' तर त्याच्या कानाला ते कसे लागले असेल? मॉरिशसच्या घराघरांत एक गोष्ट सांगितली जाते, की भरती करणारे लोकांना सांगत, तिथे दगड उलटला की खाली सोने सापडते. सोन्याची गोष्ट सगळ्यांच्या लक्षात राहिली. पण सोन्यावर विश्वास ठेवणारा माणूस भाबडा असावा लागतो. रोजच्या भातावर विश्वास ठेवायला नुसते भुकेले असणे पुरे होते. कोकणातल्या कुळासाठी रोजचा भात हीच मराठी अर्थाची ऐश होती. तिकडे गेल्यावर ती अरबी अर्थाची ऐश झाली, म्हणजे जगण्यापुरता भात.

मोजलेला शब्द आणि खाल्लेला शब्द

करारातल्या त्या खाण्यासाठी मराठीत नेमका शब्द आहे, 'शिधा'. शिधा म्हणजे न शिजवलेले तांदूळ, डाळ, पीठ, मीठ, एका माणसाच्या एका वेळेचे किंवा एका दिवसाचे मोजून दिलेले. कोशकार त्याचे नाते संस्कृत 'सिद्ध'शी जोडतात. गंमत अशी, की संस्कृतात 'सिद्ध' अन्न म्हणजे शिजून तयार झालेले, आणि मराठीत शिधा म्हणजे अजून शिजायचे आहे ते. ब्राह्मणाला द्यायचा तो शिधा, पायीच्या वारकऱ्याला द्यायचा तो शिधा, शिपायाला मिळे तो शिधा. पुढे सरकारी रेशनकार्डाला 'शिधापत्रिका' म्हटले गेले, आणि २०२२पासून महाराष्ट्र सरकारने सणाला स्वस्त जिन्नस देण्याची योजना आणली तिचे नावही 'आनंदाचा शिधा'.

या सगळ्या वापरांत एक गोष्ट समान आहे. शिध्यात माप देणाऱ्याच्या हातात असते. भाकरीचे तसे नाही. 'माझी भाकरी' म्हणता येते. 'माझा शिधा' म्हटले तरी तो कोणीतरी दिलेला असतो. भाकरी कमावतात, शिधा मिळतो. शिधा कागदावर उतरतो, त्याची बेरीज होते, तो रोखता येतो.

मॉरिशसच्या मळ्यांवर तो खरेच रोखला जाई, अशा तक्रारी आहेत. मजुरीच्या बाबतीत तर नियमच होता. एक दिवस गैरहजर राहिला तर दोन दिवसांची मजुरी कापायची. ही 'दुहेरी कपात' अनेक दशके चालली. आजारी पडलेल्या माणसाचा महिना संपला की हातात काय उरत असेल, हे सांगायला नको. गिरमिट संपवून मोकळ्या झालेल्या 'जुन्या' मजुरांनाही पास आणि फोटो जवळ बाळगावा लागे. तो नसला की पोलीस पकडत. १८७१मध्ये अॅडॉल्फ द प्लेव्हित्झ यांनी या मजुरांच्या वतीने गव्हर्नरकडे अर्ज केला. त्यावर ९,४०१ जणांच्या सह्या होत्या. त्यानंतर शाही आयोग बेटावर आला, आणि मजुरी व शिधा यांचे हिशेब तपासले गेले.

आज आपण पूर्वजांचा शोध घेतो तो याच कागदांत. नोंदवहीत त्यांचा क्रमांक असतो, उंची असते, अंगावरची खूण असते, जहाजाचे नाव असते. शिध्याचे वजन पौंडांत मिळते. मात्र त्या तांदळाला मजूर काय म्हणत होते, हे वहीत नाही. ९०० ग्रॅम तांदळातून घरच्या पेजेसारखी पेज करून ती कोणी आजाऱ्याला दिली का, याची नोंद कोणी केली नाही. मळ्यावरच्या बाईने डाळ वाचवून सणाला पुरण घातले का, हेही लिहिलेले नाही. मोजणाऱ्याचा शब्द दप्तरात राहिला. खाणाऱ्याचा शब्द फक्त तोंडात राहिला, आणि तोंडातून पुढच्या तोंडात गेला तेवढाच वाचला.

बेटावरची नवी भाषाही या तोंडांनीच घडली. मॉरिशसच्या क्रिओलमध्ये भाताला आणि तांदळाला एकच शब्द, 'दिरी'. आखातातल्या 'ऐश'सारखाच, कारण तिथेही तांदूळ बाहेरून येई आणि शेतात ऊस डुले. 'मांजे' म्हणजे खाणेही आणि अन्नही. घरात भात, भाकरी, वरण, मळ्यावर दिरी, कागदावर रेशन. एकाच माणसाने दिवसातून तीन भाषांत तेच अन्न उच्चारले.

हा कागदाचा आणि मापाचा कारभार बंद पडण्यात एका रत्नागिरीकराचा मोठा हात होता. कोतळूकला जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९१०मध्ये नाताळला गिरमिटी मजूर पाठवणे बंद करण्याचा ठराव मध्यवर्ती कायदेमंडळात मांडला आणि तो मान्य झाला. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी सगळीच गिरमिट पद्धत रद्द करण्याचा ठराव मांडला. तो सरकारी मतांपुढे पडला. मॉरिशसची भरती १९१०मध्येच थांबली होती. १९१७मध्ये भारतातून गिरमिटावर माणसे नेणे थांबले. १९१५मध्ये वारलेल्या गोखल्यांना ते पाहायला मिळाले नाही. ज्या कोकणातून कुळे भातासाठी निघून गेली, त्याच कोकणातल्या माणसाने त्या कराराला नैतिक दृष्ट्या गुलामीच्या रांगेत बसवले, ही गोष्ट आपल्या मुलांना सांगण्यासारखी आहे.

आजच्या रुवैसमध्ये

मी रुवैसला राहतो. आजच्या आखाती नोकरीची आणि गिरमिटाची बरोबरी करणे दोघांवरही अन्याय करणारे आहे. इथे येणाऱ्याच्या हातात पासपोर्ट आणि करार असतो, पगार बँकेत जमा होतो, फोनवर रोज घर दिसते, आणि दोन वर्षांनी माणूस गावी जातो. उन्हाळ्यात १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घेण्यास कायद्याने बंदी आहे. उसाच्या मळ्यावर असा नियम नव्हता.

तरी काही दुवे नजरेतून सुटत नाहीत. भारतातून कमी शिकलेल्या मजुराला आखातात जायचे तर आजही 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' या अधिकाऱ्याची परवानगी लागते. हे पद गिरमिटाच्या काळातले आहे आणि त्याचे कार्यालय मुंबईतही आहे. मजुराच्या करारात मजुरीनंतर आजही राहणे आणि खाणे येते: जेवण कंपनीचे की जेवणाचा भत्ता. शिध्याला आता 'फूड अलाउन्स' म्हणतात, एवढेच. भरती होताना प्रत्येकजण पहिला प्रश्न पगाराचा विचारतो आणि दुसरा हाच: 'फूड कंपनीचं का?'

मजुरांच्या वसाहतीत रात्री एकेका खोलीतली माणसे पाळीपाळीने स्वयंपाक करतात. मोठ्या पातेल्यात भात, दुसऱ्यात डाळ, कधी मासा. मोतीवाल्यांच्या होडीवर सूर्यास्तानंतर हेच जेवण होते. मॉरिशसच्या मळ्यावर करारात हेच जिन्नस होते. कारखान्याची देखभाल निघते तेव्हा, ज्याला इथे सगळे 'शटडाउन' म्हणतात, बारा-बारा तासांच्या पाळ्या लागतात आणि डब्यातला तोच भात दोन वेळा पुरवायचा असतो. स्थानिक माणसाबरोबर काम करणारा मराठी मुलगा थोड्याच दिवसांत शिकतो, की त्याने 'ऐश' म्हटले तर चिडायचे नाही, तो जेवणाबद्दल विचारतो आहे.

गावाकडे मात्र शब्दाचा दुसरा अर्थ चालू राहतो. 'काय, गल्फला आहे, ऐश आहे त्याची!' हे वाक्य रत्नागिरी, रायगडच्या कुठल्याही वाडीत ऐकायला मिळते. त्यात थोडा कौतुकाचा आणि थोडा हेव्याचा सूर असतो. इकडच्या माणसाला ते खोडून काढणे जमत नाही. घर बांधायचे असते, बहिणीचे लग्न व्हायचे असते, कर्ज फेडायचे असते. सुटीला जाताना तो अत्तर, चॉकलेटे, नवा फोन घेऊन जातो. वाडीला दिसते ती ऐश त्या बॅगेतली असते. पातेल्यातला भात कोणाला दिसत नाही. मग शेजारचा मुलगाही पासपोर्ट काढतो.

मॉरिशसला गेलेल्यांचेही हेच झाले. गिरमिट संपवून परत आलेला माणूस अंगावर नवे कापड आणि गाठीला चार पैसे घेऊन गावात शिरला, की पुढच्या जहाजाला माणसे मिळत. त्याने किती दिवसांची दुहेरी कपात सोसली, ते तो चावडीवर सांगत नसे. कष्टाने मिळवलेल्याला लोक सहज मिळालेले समजतात, आणि मिळवणाराही अब्रूसाठी गप्प बसतो. त्या गप्प बसण्यामुळे पुढची पिढी फसते. खाडीतल्या साध्या भाताला गाव ऐश समजते ही भाषेची गंमत आहे; पण तिच्या पोटी एक जुना धोका आहे, आणि तो आपल्या घराण्यांनी भोगलेला आहे.

म्हणून मला वाटते, परदेशी गेलेल्या माणसाविषयी काही कळून घ्यायचे असेल तर पगार विचारण्याआधी त्याला विचारावे, 'जेवतोस काय? शिजवतं कोण? खायला वेळ किती मिळतो?' यांची उत्तरे पगाराच्या आकड्यापेक्षा खरी असतात.

आपल्या घरातले शब्द

गिरमिटाचे दप्तर आता चांगले जपले गेले आहे. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. समुद्रातून वर येणाऱ्या त्या १६ पायऱ्या लाखोंच्या पायांनी ओळखीच्या झाल्या. मोजणाऱ्यांचा शब्द सुरक्षित आहे. खाणाऱ्यांचा शब्द सुरक्षित करायचे काम आपले आहे, आणि त्याला ना अनुदान लागते ना इमारत.

घरातल्या ज्येष्ठ बाईला विचारावे: तुमच्या आजी भाताला काय म्हणत? पेज म्हणत का, आणि ती कोणाला देत? 'जेवायला या' म्हणत की 'भाकर खायला या'? मळ्यावरून मिळणाऱ्या धान्याला घरात कोणते नाव होते? उपासाला काय शिजे? पहिला घास काढून ठेवत का, आणि कोणासाठी? दोन शब्द जरी हाती आले तरी ते वहीत लिहून ठेवावेत. शेजारी सांगणाऱ्या व्यक्तीचे नाव, गाव आणि साल लिहावे. पूर्वजांच्या क्रमांकाशेजारी तो शब्द शोभून दिसेल.

अरबांनी ज्याला जगणे म्हटले, इजिप्तच्या गरिबाने ज्याला रोटी म्हटले, दरबाऱ्यांनी ज्याला चैन म्हटले, त्या एका शब्दात ही सगळी माणसे शेजारी शेजारी बसली आहेत. आपले पूर्वज त्या पंगतीत भातवाल्यांच्या बाजूला बसले. त्यांनी ऐश केली नाही. त्यांनी ऐश कमावली, अरबी अर्थाने, रोजच्या रोज. आज आपल्या ताटात भाताबरोबर चार पदार्थ जास्त आहेत ते त्यांच्या त्या कमाईवर.